दुधाशिवाय खान्देशी ताट: सुरुवात करणाऱ्यांसाठी

दूध सोडायचं ठरलं की बहुतेक जण आधी मोबाइलवरून बदामाच्या दुधाचा डबा मागवतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे त्याची गरज सगळ्यात शेवटी पडते. कळण्याची भाकरी, भरीत, ठेचा, शेवभाजी, पातोड्यांचा रस्सा, डुबूक वडे, दाळगंडोरी, घोटलेली वांगी, बिबडे, नागलीचे (नाचणीचे) पापड, यातल्या कशालाच मुळात दूध लागत नाही. इथलं जेवण शेंगदाणा, तेल, डाळ आणि मिरचीवर चालतं. अडतं ते चार ठिकाणी: चहा, ताक-कढी, वरून वाढलं जाणारं तूप आणि सणाचं गोड. पाचवी अडचण ताटात दिसत नाही, ती बी-१२ जीवनसत्त्वाची. एवढ्या पाच ठिकाणची सोय लावली की बाकीचं जेवण आहे तसंच राहतं.

आधी कारण पक्कं करा

कोणी कशासाठी दूध सोडतंय त्यावर पुढचं सगळं ठरतं, म्हणून हे गुळमुळीत ठेवू नका.

दूध प्यायल्यावर पोट फुगतं, गुडगुडतं, जुलाब होतात, पण ताक पचतं, अशी तक्रार असेल तर बहुधा दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज पचत नाही. विरजताना लॅक्टोज कमी होतं आणि तुपात ते जवळजवळ नसतंच. अशांना सगळं सोडायची गरज नसते. दुकानातलं 'लॅक्टोज-फ्री' दूधही त्यांना चालतं. मात्र ते गाई-म्हशीचंच दूध असतं, व्हीगन (प्राण्यांपासूनचं काहीच न खाणाऱ्यांना चालणारं) नव्हे.

अ‍ॅलर्जी हा वेगळा प्रकार आहे. ती दुधातल्या प्रथिनांची असते. अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं अशी लक्षणं दिसत असतील तर थेंबभर दूधही धोक्याचं ठरू शकतं. तुपातही प्रथिनांचा अंश उरतो. एकच झारा दुधाच्या आणि बिनदुधाच्या पातेल्यात फिरला तरी त्रास होऊ शकतो. इथे घरगुती प्रयोग नकोत, डॉक्टरांकडून निदान करून घ्या.

तिसरे व्हीगन. त्यांना दूध, दही, तूप, खवा, पनीर यांबरोबर मधही वर्ज्य. सातपुड्यातला असला तरी.

पाकिटावरचा हिरवा ठिपका पुरत नाही

हिरवा ठिपका फक्त शाकाहार सांगतो आणि आपल्याकडे दूध शाकाहारात मोडतं. व्हीगन पदार्थांचे नियम एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) २०२२ मध्ये आणले. त्यांचं चिन्ह वेगळं आहे: चौकोनात हिरवं इंग्रजी 'व्ही' अक्षर, त्याच्या टोकाला छोटं पान, खाली 'व्हीगन' हा शब्द. ते दिसलं तर प्रश्न मिटला. पण चिन्ह नसलेल्या शेकडो वस्तूही दुधाविना असतात, त्यामुळे घटकांची यादी वाचायला शिकावंच लागतं.

आधी यादीच्या शेवटी किंवा जवळपास ठळक अक्षरांत छापलेली अ‍ॅलर्जीची सूचना बघा. दूध असेल तर तिथे 'मिल्क' असतं. मग यादीत हे शब्द शोधा: मिल्क सॉलिड्स, स्किम्ड मिल्क पावडर, व्हे, केसीन, सोडियम केसिनेट, लॅक्टोज, बटर, बटर ऑइल, चीज पावडर. व्हीगन असाल तर जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचं), आयएनएस १२० (किड्यांपासूनचा लाल रंग), ९०१ (मधमाशीचं मेण) आणि ९०४ (लाख) हेही टाळा. लॅक्टिक अ‍ॅसिडला मात्र घाबरू नका. नाव दुधाचं वाटलं तरी ते सहसा वनस्पतीच्या साखरेवर आंबवून करतात.

नवखे हमखास फसतात त्या दोन वस्तू म्हणजे 'नॉन-डेअरी' क्रीमर आणि नारळाच्या दुधाची पावडर. दोन्हींत बऱ्याचदा सोडियम केसिनेट असतं, म्हणजे दुधाचंच प्रथिन. पाकिटाच्या पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते सोडून द्या आणि पाठ वाचा. मसाला वेफर्स, चीज किंवा क्रीम-अनियन चवीचं नमकीन, बिस्किटं, बेकरीची नानखटाई आणि ब्रेड यांतही दुधाची पावडर असू शकते. जळगावचे केळीचे साधे मिठाचे वेफर्स चालतात, मसाल्याच्या पाकिटाची पाठ वाचून घ्या.

सोया मिल्क किंवा ओट मिल्क या नावाने शोधून वस्तू सापडली नाही तर 'सोया ड्रिंक', 'ओट बेव्हरेज' असं शोधा. वनस्पतीच्या पेयांना 'मिल्क' म्हणण्यावर एफएसएसएआयने हरकत घेतली आहे, नारळाच्या दुधासारखे रूढ शब्द तेवढे वगळून.

घरातही थोडी छाननी करा. दशम्या दुधात भिजवलेल्या असतात. पुऱ्यांच्या आणि बट्टीच्या कणकेत काही घरी दूध किंवा दही पडतं. बाजारच्या नानमध्ये जवळपास नेहमीच असतं.

सोयाबीनचं दूध: रोजच्यासाठी हेच

प्रथिनांत गाईच्या दुधाच्या जवळपास जाणारं, खान्देशात सहज मिळणाऱ्या मालातून होणारं आणि खिशाला परवडणारं दूध सोयाबीनचंच. एक किलो दाण्यात आठेक लिटर निघतं. बदामाचं दूध हौसेपुरतं ठीक.

दाणा बाजारातून खाण्याचं, निवडलेलं सोयाबीन आणा. पेरणीतून उरलेलं, गुलाबी-लाल औषध चोळलेलं बियाणं कितीही धुतलं तरी वापरायचं नाही. त्यावर बुरशीनाशक असतं. शेतकऱ्याच्या घरात दोन्ही पोती शेजारी-शेजारी असतात, म्हणून हे आधीच सांगितलं.

प्रमाण: १०० ग्रॅम सोयाबीन, सगळं मिळून एक लिटर पाणी, पाव चमचा खाण्याचा सोडा. बोअरचं पाणी जड असेल तर फिल्टरचं घ्या. जड पाण्यात दाणा नीट मऊ होत नाही आणि दूधही कणीदार होतं.

१. दाणे तिप्पट पाण्यात भिजवा. थंडीत दहा-बारा तास, उन्हाळ्यात सहा. मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे गेला की भिजवलेलं पाणी फेसाळतं आणि आंबूस वास येतो, म्हणून मधे दोनदा पाणी बदला किंवा भांडं फ्रिजमध्ये ठेवा. दाणा फोडून बघा. आतून सपाट दिसला तर भिजला, मधे खळगा असेल तर अजून वेळ आहे.

२. चोळून जमतील तेवढी सालं काढा. सगळी निघाली नाहीत तरी चालतं.

३. वेगळ्या पातेल्यात पाणी उकळून त्यात सोडा घाला आणि दाणे पाच मिनिटं उकळा. ते पाणी ओतून द्या. ही पायरी गाळली तर दुधाला कच्च्या शेंगेचा उग्र वास येतो आणि घरातलं कोणी दुसऱ्यांदा तोंड लावत नाही. थंड पाण्यात दाणा वाटला जाताच त्यातलं एक विकर (एन्झाइम) जागं होतं आणि तो वास तयार करतं. गरम पाण्यात ते निकामी होतं.

४. दाण्यांत तीनशे मिली गरम पाणी घालून दोन-तीन मिनिटं एकदम बारीक वाटा. भांडं अर्ध्याहून जास्त भरू नका, वाफेने झाकण उडतं. स्टीलचं भांडं घ्या आणि झाकणावर फडकं धरून थांबत-थांबत मिक्सर फिरवा.

५. उरलेलं सातशे मिली पाणी मिसळा, हाताला सोसेल इतकं निवू द्या आणि ओल्या मलमलच्या कापडातून घट्ट पिळून गाळा.

६. निदान तीन लिटरच्या जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा. थोड्याच वेळात फेस भसकन वर येईल. ही खरी उकळी नव्हे. आच कमी करा, फेस झाऱ्याने काढा आणि ढवळत राहा. खरी उकळी फुटल्यावर पंधरा मिनिटं उकळू द्या. तळाला लागतं, त्यामुळे जागेवरून हलू नका.

कच्चं किंवा अर्धवट उकळलेलं सोयाचं दूध पिऊ नये. त्यातल्या काही घटकांमुळे प्रथिनं पचत नाहीत, मळमळतं, पोट दुखतं. ते घटक नीट उकळल्यानेच निष्प्रभ होतात.

आठशे मिलीच्या आसपास दूध मिळतं. चिमूटभर मीठ घाला, चव गोल होते. फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतं. लोडशेडिंगच्या गावात उन्हाळ्यात एका दिवसापुरतंच करा. चोथा त्याच दिवशी थालीपिठात, भज्यांत किंवा वड्यांत घाला, पण नीट शिजवून. रात्रभर बाहेर राहिला तर आंबतो.

शेंगदाण्याचं दूध याहून सोपं. शंभर ग्रॅम दाणे रात्रभर भिजवा, सालं काढा, सातशे मिली पाण्यात वाटून गाळा, दहा मिनिटं उकळा. कढीला आणि रश्शाला फार छान, चहात मात्र शेंगदाण्याची चव लपत नाही. सुरकुतलेले, काळपट, खवट किंवा बुरशीचा वास येणारे दाणे टाकून द्या. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष उकळून जात नाही.

नारळाचं दूध गोडासाठी ठेवा. त्यात प्रथिनं नावालाच, आणि नारळही आपल्याकडे बाहेरून येतो. ओट्सचं दूध करायचंच असेल तर पन्नास ग्रॅम ओट्स अर्धा लिटर थंडगार पाण्यात वीस-पंचवीस सेकंदच फिरवा आणि न पिळता गाळा. जास्त फिरवलं की चिकट होतं, आणि तापवलं की पेजेसारखं घट्ट. त्यामुळे घरचं ओट दूध चहाला नकोच.

चहा फाटू नये म्हणून

इथेच निम्मे लोक माघार घेतात. नेहमीच्या सवयीने पाणी, दूध, आलं, गूळ, पत्ती एकत्र उकळली तर सोयाचं दूध फाटणारच. आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की सोयाची प्रथिनं गोळा होतात. चहा स्वतः किंचित आम्ल, त्यात गूळ पडला की आणखी. कच्च्या आल्यात दूध गोठवणारं विकर असतं, ते वेगळंच.

दोन कपांसाठी सव्वा कप पाण्यात ठेचलेलं आलं घालून तीन-चार मिनिटं खळखळ उकळा. मग दोन चमचे पत्ती आणि साखर घाला, दोन मिनिटांनी गॅस बंद करा. पाऊण कप सोयाचं दूध दुसऱ्या भांड्यात गरम करा, उकळी नको. चहा एखादा मिनिट निवल्यावर गरम दुधात तो धारेने ओता. पुन्हा उकळायचा नाही. गुळाचा हवा असेल तर गूळ कपात तळाशी ठेवा आणि तयार चहा वर ओता. तरीही कण दिसले तर दुधात सोड्याची अगदी लहान चिमूट टाकून बघा. जास्त पडला तर साबणासारखी चव येते.

म्हशीच्या दुधाचा दाटपणा यात येणार नाही. तो शोधत बसलात तर रोज निराशा. पाहुणे म्हणून गेल्यावर सरळ कोरा चहा मागा. गवती चहा किंवा लिंबू घातलेला कोरा चहा कोणत्याही घरात दोन मिनिटांत होतो.

दही, ताक आणि फुनक्यांची कढी

दह्यासाठी सोयाचं दूध थोडं घट्ट करा: शंभर ग्रॅम दाण्याला सातशे मिली पाणी. अर्धा लिटर दुधात अर्धा चमचा साखर विरघळवा. विरजणातल्या जिवाणूंना खायला साखर लागते आणि या दुधात लॅक्टोज नसतं, म्हणून ही वरची भर. दूध करंगळी आरामात बुडवून ठेवता येईल इतकं कोमट असू द्या, साधारण चाळीस अंश.

पहिल्या विरजणाला हिरव्या मिरचीचे देठ. आठ-दहा ताज्या मिरच्यांचे देठ टोपीसकट खुडून, धुऊन दुधात बुडवा आणि झाकून ठेवा. एप्रिल-मेमध्ये पाच-सहा तासांत लागतं. थंडीत रात्रीचं तापमान दहा अंशांच्या खाली आलं की बारा तासही कमी पडतात. तेव्हा भांडं गरम डब्यात ठेवून टॉवेल गुंडाळा. देठांचं पहिलं दही सैल, तारेचं आणि किंचित कडवट होतं. ते खायचं नाही, त्यातले दोन चमचे पुढच्या दुधाला विरजण म्हणून लावायचे. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला चव सुधारते. गुलाबी, हिरवा, काळा डाग किंवा सडका वास आला तर सगळं फेकून द्या. वरचा थर काढून खाली चांगलं असेल, असं समजू नका.

या दह्यात दुप्पट पाणी, जिरेपूड, मीठ, चिमूटभर हिंग आणि कोथिंबीर घालून घुसळलं की ताक. तळाशी गाळ बसतो, पिताना हलवून घ्या.

फुनके तुरीच्या भिजवलेल्या डाळीचे, मिरची-लसूण घालून जाडसर वाटून वाफवलेले. त्यांत दूध नाहीच, अडचण कढीची. एक वाटी सोयाचं दही, दोन मोठे चमचे बेसन आणि अडीच वाट्या पाणी थंड असतानाच गुठळ्या मोडून एकजीव करा. तेलावर जिरे, लसूण, हिरवी मिरची, कढीपत्ता आणि हळद यांची फोडणी द्या, मिश्रण ओता आणि पहिली उकळी येईपर्यंत ढवळत राहा. मीठ शेवटी. ही कढी साध्या कढीपेक्षा लवकर फुटते, बेसन तिला धरून ठेवतं. त्यामुळे बेसनात कंजुषी नको.

दही लावायचाच कंटाळा असेल तर शेंगदाण्याच्या तीन वाट्या दुधात दोन चमचे बेसन कालवून तशीच कढी उकळा. गॅस बंद केल्यावर चिंचेचा कोळ किंवा लिंबू पिळा. चैत्रात उकडलेल्या कैरीचा गर घाला. खरं सांगायचं तर फुनक्यांबरोबर ही कढी सोयाच्या दह्याच्या कढीपेक्षा सरस लागते. आंबट आधी घातलं तर मात्र दूध फुटून वर पाणी, खाली चुरा होतो.

तुपाच्या जागी काय

बहुतेक ठिकाणी काही नाही, फक्त तेल. कळण्याच्या भाकरीवर (साधारण चार भाग ज्वारी, एक भाग अख्खे काळे उडीद, दळतानाच मीठ, प्रमाण घरोघर बदलतं) घाण्याचं कच्चं शेंगदाणा तेल आणि ठेचा ही खान्देशाची जुनीच रीत आहे. खिचडीवरही लसणाची खमंग फोडणी तेलाचीच घातली तर तुपाची आठवण येत नाही. असं लसणाचं तेल करून ठेवायचं असेल तर फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. तेलात बुडालेला लसूण बाहेर दिवसेंदिवस ठेवणं धोक्याचं आहे, त्यात विषबाधा करणारे जिवाणू वाढू शकतात.

वरण-बट्टीत बट्टी उकडून, कापून तेलातच तळतात. तूप पडतं ते ताटात चुरल्यावर. तिथे कोमट शेंगदाणा तेल अर्ध्या मापाने घ्या आणि वरण जरा जास्त. तुपाइतकं तेल ओतलं तर जड होतं.

गोडात तूप बदलणं अवघड, कारण तिथे ते चवीइतकंच थिजण्याचं काम करतं. शिरा, लापशी तेलात होतात: एक वाटी तुपाच्या जागी पाऊण वाटी रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल, रवा नेहमीपेक्षा दोन-तीन मिनिटं जास्त भाजा आणि वेलदोडा सढळ हाताने. बेसनाचे लाडू मात्र तेलात वळतात पण बसत नाहीत. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, म्हणजे जानेवारीत जमतील ते लाडू मे महिन्यात पसरतील. त्यापेक्षा शेंगदाणा-गुळाचे किंवा तिळाचे करा. दाण्याच्या तेलावरच ते बांधले जातात.

वनस्पती तुपात दूध नसतं हे खरं. ट्रान्सफॅटची मर्यादाही जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांवर आणली आहे. तरी ते संपृक्त चरबीने भरलेलं आहे, रोज वापरायची वस्तू नव्हे.

पनीर हवंच असेल तर

दोनशे ग्रॅम सोयाबीनचं सोळाशे मिलीच्या आसपास दूध उकळून घ्या, गॅस बंद करून चार-पाच मिनिटं थांबा. तीन मोठे चमचे लिंबूरस अर्ध्या वाटी पाण्यात मिसळून तीन हप्त्यांत, हलक्या हाताने ढवळत घाला. झाकून पंधरा मिनिटं ठेवा. पिवळसर निवळी आणि पांढरे गोळे वेगळे दिसले की कापडात बांधून दीड किलो वजनाखाली अर्धा तास दाबा. निवळी दुधाळच राहिली तर आणखी चमचाभर रस. उकळत्या दुधात एकदम सगळा रस ओतला तर टोफू (हे सोयाचं पनीर) रबरासारखा होतो. पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा, पाणी रोज बदला, चार दिवसांत संपवा. शेवभाजीच्या काळ्या मसाल्याच्या रश्शात टोफू घालण्याआधी मिठाच्या गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवला तर आत चव शिरते. एरवी बाहेर झणझणीत, आत फिकं.

आखाजी, कानबाई आणि बाकीचे गोड दिवस

खापरावरच्या मांड्यांची कणीक पाणी, मीठ आणि तेलावर मळली, पुरण डाळ-गुळाचं असलं, तर मांडा तसाच चालतो. भाजताना आणि वाढताना तूप नको एवढं सांगा. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आमरसात दूध-तूप घालणं ही सवय आहे, गरज नाही. सुंठपूड घाला, पचायलाही बरं.

कानबाईच्या नैवेद्याला पुरणपोळी, खीर, गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी लागते. देवीच्या स्वयंपाकात बदल सुचवून घरातल्या मोठ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. भाजी तुपाच्या फोडणीआधी आणि पोळी तुपाचा हात लागण्याआधी वेगळी काढून घ्यावी. खीर तेवढी स्वतःची वेगळी करा: पाव वाटी तांदूळ धुऊन, वाळवून, जाडसर भरडा, दोन वाट्या पाण्यात पूर्ण मऊ शिजवा. मग दोन वाट्या सोयाचं दूध घालून पाच मिनिटं मंद उकळा. गॅस बंद करून वाटीभर नारळाचं दूध, वेलदोडा आणि खीर कोमट झाल्यावर किसलेला गूळ. उकळत्या खिरीत गूळ टाकला की फाटली.

रावेर-यावलच्या पट्ट्यात केळी पिकून काळी पडायला लागली की टाकून देऊ नका. चार पिकलेल्या केळ्यांच्या चकत्या पसरट डब्यात आठ तास फ्रीजरमध्ये ठेवा आणि मिक्सरमध्ये थांबत-थांबत फिरवा. आधी चुरा होतो, मग अचानक मऊसूत आइस्क्रीम. चमचाभर शेंगदाणा कूट घातला तर अजून दाट. मुलांसाठी याहून सोपा पर्याय नाही. केळं हिरवट असेल तर तुरट लागतं, ठिपके पडलेलंच हवं.

बी-१२, कॅल्शियम आणि गोळ्या

हा भाग वाचून सोडून देऊ नका. दूध पूर्ण बंद केलेल्या शाकाहारी माणसाला जेवणातून बी-१२ मिळत नाही. स्पिरुलिना, लोणचं, आंबवलेले पदार्थ यांवर विसंबू नका. कमतरता हळूहळू येते: थकवा, हातापायांना मुंग्या, विसरभोळेपणा. नसांचं नुकसान लांबलं तर ते पूर्ण भरून येईलच असं नाही. मोठ्या माणसाची रोजची गरज भारतीय शिफारशीनुसार २.२ मायक्रोग्रॅम. गोळीतून शोषण कमी होतं म्हणून रोज किमान १० मायक्रोग्रॅमची किंवा आठवड्याला २००० मायक्रोग्रॅमची गोळी, असा व्हीगन लोकांसाठीचा रूढ सल्ला आहे. सुरुवातीलाच रक्तातलं बी-१२ आणि डी तपासून डॉक्टरांकडून डोस ठरवा. आधीच कमी असेल तर इंजेक्शनं लागू शकतात. कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं असतं, व्हीगन असाल तर गोळी मागा.

कॅल्शियमची गरज रोज १००० मिलिग्रॅम. ज्वारी-बाजरीची भाकरी यात फार भर घालत नाही, नागली घालते: शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास. म्हणून दिवसातली एक वेळची भाकरी नागलीची करा. न सोललेले तीळ शंभर ग्रॅममागे हजाराच्या वर जातात, तेव्हा दोन चमचे तिळकूट रोज. पण तिळातलं सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही, त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे, म्हणून एकट्या तिळावर भिस्त नको. शेवग्याचा पाला आठवड्यातून दोन-तीनदा. पालकातलं कॅल्शियम शरीराला फारसं मिळत नाही. घरच्या सोयादुधात ते थोडंच असतं. विकतच्यात बऱ्याचदा वरून घातलेलं असतं, पण तळाशी बसतं, म्हणून डबा हलवूनच ओता. लिंबाने केलेल्या टोफूत कॅल्शियमची भर पडत नाही. विकतचा घेताना घटकांत कॅल्शियम सल्फेट आहे का बघा.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला यातलं कोणतंही दूध आईच्या दुधाच्या किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या फॉर्म्युल्याच्या जागी देऊ नका. गरोदर बायका आणि वाढती मुलं असतील तर आहारतज्ज्ञाला विचारूनच. थायरॉइडची गोळी चालू असेल तर सोया आणि कॅल्शियम तिच्या शोषणात अडथळा आणतात. कॅल्शियमच्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवा आणि सोया नव्याने रोज सुरू करत असाल तर डॉक्टरांना कळवा.

हॉटेल, पंगत, प्रवास

'व्हीगन आहे' असं सांगून ढाब्यावर काही साधत नाही. 'दूध नको' म्हटलं तरी बटर येतं, कारण बटर म्हणजे दूध हे वेटरच्या डोक्यात नसतं. नेमकं सांगा: 'भाऊ, फोडणी तेलाची, भाजीत मलई-बटर नको, भाकरीला वरून काही लावू नका.' शेवभाजी सहसा तेल, कांदा, खोबरं आणि काळ्या मसाल्याची असते, पण महागड्या हॉटेलांत रश्शाला दाटपणा आणायला मलई घालतात, तिथे विचारून घ्या. तंदुरी रोटीवर बटरचा हात फिरतोच, नानपेक्षा भाकरी बरी. थंडीतल्या भरीत पार्टीला निर्धास्त जा. वांगं, मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, तेल, सोबत कळण्याची पुरी. मठ्ठ्याचा ग्लास तेवढा परत करा.

लग्नाच्या पंगतीत वाढप्याला थांबवेपर्यंत वरणावर तूप पडलेलं असतं. आदल्या दिवशी यजमानांना किंवा थेट आचाऱ्याला सांगून वरण-भाजीची एक वाटी बाजूला ठेवायला सांगा. त्याला दोन मिनिटांचं काम असतं, ऐन गर्दीत मात्र ते होत नाही. गावाकडच्या आजीबाई वाढायला आल्या तर हात ताटावर धरून 'माले तूप नको' म्हणा, आणि त्याच दमात आणखी एक भाकरी मागा. नकाराला काही मागून घेतलं की त्या रागावत नाहीत.

एसटीच्या लांबच्या प्रवासात दशम्या नकोत. कळण्याची भाकरी कोरड्या फडक्यात, ठेचा तेलात परतलेला, शेंगदाण्याची सुकी चटणी, केळी आणि गूळ-दाणे. ठेच्यात पाणी राहिलं नाही तर तो उन्हाळ्यातही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालतो. सोयाचं दूध बाटलीत भरून नेऊ नका, चाळीस अंशांत ते तीन तासांत नासतं.